गाडी विकली, पण नावावरून उतरली का?

आज गाडीच्या कागदांबद्दल बोलूया, आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल: आरसीवर नाव कोणाचं आहे?

गावात जुनी मोटारसायकल कशी विकतात ते तुम्ही पाहिलंच आहे. पैसे मोजून घ्यायचे, बाँडपेपरवर सह्या करायच्या आणि चावी द्यायची. लोकांच्या मते व्यवहार झाला. आरटीओच्या दप्तरात मात्र जुनंच नाव राहतं. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं आणि विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. गाडी मधल्या काळात चार हात फिरली असली, तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. बाँडपेपर तिथे कामाला येत नाही.

म्हणून विकताना फॉर्म २९ आणि ३० भरायचे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. गाडीवर कर्ज असेल, तर ते फेडून आधी बोजा उतरवा. आणि नवी आरसी निघाली की तिची एक प्रत मागून घ्या, ओळखीतला माणूस असला तरी.

मालक वारला तर? घरातल्यांनी ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म ३१ आणि मृत्यूचा दाखला लागतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, तेव्हा गटातल्या कोणीतरी आठवण करावी.

आता विमा. थर्ड पार्टी सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलं तर ४,०००, शिवाय कैदही होऊ शकते. नव्या दुचाकीबरोबर तो पाच वर्षांचा मिळतो आणि सहाव्या वर्षी सगळ्यांना विसर पडतो. या विम्यातून समोरच्याला भरपाई मिळते, आपल्या गाडीच्या दुरुस्तीला नाही.

आणखी एक. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे, त्यालाच लागू होतो. बऱ्याच घरांत स्कूटी बाईच्या नावावर असते आणि चालवतो नवरा. त्याचं काही बरंवाईट झालं, तर या विम्यातून पैसा मिळत नाही. तुमच्या घरची आरसी आणि पॉलिसी आज समोरासमोर ठेवून नावं वाचून बघा.