एक दिवस कोठे गळाला?

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. तेथे १२ जानेवारीला जिजाऊ जयंती साजरी होते. समजा, ही तारीख तुम्ही मोबाइलच्या दिनदर्शिकेत नोंदवली आणि पुढे साऱ्या नोंदी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेल्या. तेथे जयंती ११ जानेवारीला दिसू लागली तर? असे का व्हावे?

काही प्रोग्रॅम तारखेऐवजी मध्यरात्रीचा क्षण साठवतात, आणि तोही जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटांनी पुढे आहे. आपल्याकडे रात्री बारा वाजता १२ तारीख लागते, तेव्हा जागतिक वेळेनुसार ११ तारखेचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यातील नुसती तारीख उचलली, की एक दिवस गळालाच!

नावांचेही तसेच. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. युनिकोड या संकेतसूचीत ‘ज’चा क्रमांक २३३२ आहे. ही सूची ठाऊक नसलेला प्रोग्रॅम मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटवू शकतो.

यावर उपाय म्हणजे दोघांना समजणारी एकच भाषा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयकॅलेंडर’ या प्रमाणात ‘निव्वळ तारीख’ आणि ‘तारीख व वेळ’ असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. जयंती पहिल्या प्रकारात नोंदवली, तर ती १२ जानेवारीलाच राहते.

तेव्हा नोंदी हलवल्यावर जुनी प्रत लगेच पुसू नका. आधी चार-पाच नावे आणि वाढदिवस ताडून पाहा!