श्री भवानी वस्तुसंग्रहालय, औंध

श्री भवानी वस्तुसंग्रहालय हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथील वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ते १९३८ साली यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर उभारले. सध्या त्याची व्यवस्था राज्य शासनाकडे आहे. पुणे शहरातील औंध हे उपनगर याहून वेगळे होय.

प्रतिनिधी घराणे

छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजी येथे 'प्रतिनिधी' हे पद निर्माण केले. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याचा मान अष्टप्रधानांच्या वर होता. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्याकडे हे पद आल्यानंतर ते त्यांच्या वंशात चालू राहिले. शाहू महाराजांच्या काळात पेशव्यांचे वर्चस्व वाढले, तसे प्रतिनिधींचे राजकीय महत्त्व कमी होत गेले. यमाई ही या घराण्याची कुलदेवता आहे.

संग्रह

सरदार घराण्याचे संग्रहालय म्हटले की प्रथम शस्त्रे आणि वंशपरंपरागत ठेवा आठवतो. जपानमधील नागोया येथे १९३५ साली उघडलेल्या तोकुगावा कला संग्रहालयात त्या घराण्याची चिलखते, तलवारी, चहा-समारंभाची भांडी आणि 'गेंजी'च्या कथेवरील चित्रगुंडाळ्या जतन केल्या आहेत. औंधच्या संग्रहालयाची ओळख मात्र वडिलोपार्जित वस्तूंपेक्षा संस्थापकाच्या आवडीतून घडली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. पहाडी व राजस्थानी शैलींतील लघुचित्रे, राजा रविवर्मा व म. वि. धुरंधर यांची चित्रे, हस्तिदंती कोरीवकाम आणि पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती येथे आहेत. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे 'आई व मूल' हे शिल्प विशेष उल्लेखनीय आहे.

सत्तात्याग

संग्रहालय उभे राहिल्यानंतर लगेचच, १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना औंधमध्ये लागू झाली. तिच्यामुळे कारभाराचे अधिकार ग्रामपंचायतींपासून निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे गेले. 'प्रतिनिधी' हा शब्द पूर्वी राजाच्या वतीने बोलणाऱ्यासाठी होता. आता तो प्रजेच्या वतीने बोलणाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

भेट देताना

डोंगरमाथ्यावरील यमाईचे मंदिर आणि उतारावरील संग्रहालय एकाच फेरीत पाहता येतात. गावातील यमाईच्या मंदिरासमोर उंच दीपमाळ आहे. दालनांतून संस्थापकाची कलादृष्टी कळते. त्याच्या राज्यकारभाराच्या खुणा मात्र औंधबाहेर शोधाव्या लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मिळालेल्या जागेवर १९१० पासून वसलेली किर्लोस्करवाडी आणि आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत या त्यांपैकी दोन होत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची प्रेरणा स्वतंत्रपूरचीच आहे.