शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल: भरायची, वाचायची की जपायची?



आमच्या शहापूर भागात, आणि आता बहुतेक सगळीकडेच, शाळांची माहिती गूगल ड्राइव्हच्या एका सामाईक फोल्डरमध्ये गोळा होते. ग्रुपवर लिंक येते, "आज सायंकाळपर्यंत भरा" असा निरोप येतो आणि आपण मोबाईल घेऊन बसतो. मग सुरू होतं, "सर, माझी माहिती उडाली", "मॅडम, फाइल उघडते पण लिहिता येत नाही", "माझ्या शाळेची नावंच दिसत नाहीत".

दोष आपण नेटवर्कला देतो. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. फोल्डर एकच असला तरी त्यातल्या प्रत्येक फाइलचा प्रकार वेगळा असतो आणि प्रत्येक प्रकार वेगळा वागतो. हे समजून घेतलं की निम्मा त्रास कमी होतो. आणि त्रास फक्त आपलाच नसतो, तो लेकरांपर्यंत पोहोचतो. माझा अनुभव शेवटी सांगते.

आपल्या कपाटातली रजिस्टरं आठवा

शाळेच्या कपाटात हजेरीपट असतो. तो रोज भरायचा असतो. परिपत्रकांची फाइल असते. ती वाचायची असते, त्यात आपण काही लिहीत नाही. आणि दाखल-खारीज रजिस्टर असतं. ते जपायचं असतं, त्यात परवानगीशिवाय खोडाखोड चालत नाही. तिन्ही कागदच आहेत, पण आपण हजेरी दाखल-खारीज रजिस्टरमध्ये भरत नाही.

ड्राइव्हमधल्या फाइलींचंही असंच आहे. फाइल टाकण्याआधी स्वतःला विचारा: ही भरायची आहे, वाचायची आहे की जपायची आहे? प्रकार त्यावरून ठरवा.

भरायची फाइल: गूगल शीट

अनेक शाळांनी एकाच तक्त्यात माहिती भरायची असेल, तर गूगल शीट सर्वात सोयीची. एका वेळी १०० जणांपर्यंत ती उघडून काम करू शकतात. सेव्ह करावी लागत नाही. कोणी चुकून काही पुसलं, तर फाइल मेनूमधल्या व्हर्जन हिस्टरीत जुनी अवस्था सापडते आणि ती परत आणता येते. म्हणून "माहिती उडाली" म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र ही हिस्टरी फक्त एडिटरला दिसते, नुसतं पाहण्याची परवानगी असलेल्याला दिसत नाही.

या शीटमध्ये एक गोष्ट नेहमी घडते. एखादे सर आपली शाळा शोधायला फिल्टर लावतात. तो फिल्टर त्यांच्यापुरता राहत नाही, सगळ्यांनाच लागतो. बाकीच्यांच्या शाळा दिसेनाशा होतात आणि ग्रुपवर गोंधळ उडतो. स्वतःपुरतं पाहायचं असेल तर "फिल्टर व्ह्यू" वापरा. क्रम लावताना तर जास्तच जपा. फक्त नावाच्या रकान्याचा क्रम बदलला आणि शेजारचे रकाने तसेच राहिले, तर एका मुलाच्या नावापुढे दुसऱ्याची जन्मतारीख येते. दिसायला तक्ता अगदी नीटनेटका, म्हणून ही चूक लवकर ध्यानातही येत नाही.

फाइल तयार करणाऱ्याने वरच्या ओळी आणि ठरावीक रकाने "प्रोटेक्ट" करून ठेवले तर असे प्रकार पुष्कळ कमी होतात.

अर्धवट ओळखीची फाइल: एक्सेल आणि वर्ड

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. संगणकावर बनवलेली एक्सेल फाइल ड्राइव्हवर चढवली की ती दिसते गूगल शीटसारखी, पण असते एक्सेलच. नावापुढे एक्सएलएसएक्स असा शिक्का दिसतो. ती ड्राइव्हमध्येच उघडून भरली तर काम ठीक चालतं. पण कोणी ती मोबाईलमध्ये डाउनलोड करून दुसऱ्या ॲपमध्ये भरली, तर ती त्या मोबाईलमधली वेगळी प्रत झाली. फोल्डरमधल्या फाइलला त्याचा पत्ताही नसतो. "मी तर भरलं होतं!" असं आपण म्हणतो ते खोटं नसतं, फक्त भरलेलं दुसऱ्याच प्रतीत असतं.

ही प्रत परत चढवताना संगणकावर ड्राइव्ह विचारतो की जुनी फाइल बदलायची की दोन्ही ठेवायच्या. घाईत "बदला" केलं, तर मधल्या वेळात इतर शाळांनी भरलेलं नव्या प्रतीत नसतं. अशा वेळी फाइलवर क्लिक करून "मॅनेज व्हर्जन्स" पाहा. जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस तिथे राहते.

आणखी एक. एक्सेल फाइल उघडून "सेव्ह ॲज गूगल शीट्स" केलं की जुनी फाइल बदलत नाही, तिच्या शेजारी त्याच नावाची नवी फाइल तयार होते. मग अर्ध्या शाळा एकीत भरतात, अर्ध्या दुसरीत. असं केलंत तर जुनीच्या नावात "वापरू नये" असं लगेच लिहा.

वाचायची फाइल: पीडीएफ

आपला भंडारा धानाचा जिल्हा. धान पेरता येतं, शिजलेला भात पेरता येत नाही. पीडीएफ म्हणजे शिजलेला भात समजा. परिपत्रक, वेळापत्रक, सही-शिक्क्याचं पत्र यासाठी ती उत्तम. मजकूर कुठेही उघडला तरी तसाच दिसतो, ओळी हलत नाहीत, मराठी अक्षरं बिघडत नाहीत. पण ज्या तक्त्यात लोकांनी भरायचं आहे तो पीडीएफमध्ये टाकला, तर सगळे प्रिंट काढणार, पेनाने भरणार, फोटो पाठवणार आणि शेवटी कोणीतरी एक जण रात्री बसून पुन्हा टाइप करणार. म्हणून भरायचा तक्ता पीडीएफ करू नका. आणि पीडीएफ केल्यावर मूळ फाइल पुसू नका. दुरुस्ती करायची वेळ आली तर तीच कामी येते.

मराठी अक्षरांचं काय?

जुन्या संगणकावर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल ड्राइव्हमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण कृतिदेवमध्ये "क" दिसत असला तरी फाइलमध्ये इंग्रजीतलं "डी" साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर आतलं खरं रूप बाहेर येतं. अशा फाइलमध्ये मुलाचं नाव शोधलं तरी सापडत नाही. सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं सगळं युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर आपण लिहितो ते युनिकोडच असतं.

सीएसव्ही नावाची फाइल कधी डाउनलोड होते. ती नुसता मजकूर साठवते. फॉन्ट, रंग, सूत्रं काही नाही, आणि अनेक पानांपैकी एकच पान. ती थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावं बिघडलेली दिसू शकतात. ती तशीच सेव्ह करू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून, युटीएफ-८ निवडून उघडा.

आकडे, जे आकडे नसतात

आता तो अनुभव. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीसाठी मुलींच्या बँक खात्यांची यादी करायची होती. आमच्याच शाळेत, आमच्याच हाताने एक्सेलमध्ये भरली. यादी गेली, काही महिन्यांनी पैसे आले. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीची आई फाटकाशी थांबून म्हणाली, "मॅडम, बाकीच्या पोरींचे आले, आमच्याच पोरीचे काऊन नाही आले?"

पासबुक आणि यादी शेजारी ठेवून पाहिलं. खातं १६ अंकी. पासबुकात शेवटचा अंक ७, यादीत ०. टाइप करणाऱ्याने ७ च टाइप केला होता. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढचे शून्य करून टाकतं. त्या माऊलीने शेतमजुरीचा एक दिवस बुडवून आम्हाला आमची चूक दाखवली. दुरुस्ती झाली, पैसेही आले, पण उशिरा. त्या दिवसापासून मी हा विषय सोडत नाही.

बघा, यू-डायसचा क्रमांक ११ अंकी, आधार आणि अपार १२ अंकी, सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी. सरलचा आयडी एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाइप केला की शेवटचे चार अंक शून्य. १२ अंकी आधार आत सुरक्षित असतो, पण साध्या रकान्यात "ई+११" असा दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर दिसतं तेच साठवलं जातं आणि खरा क्रमांक जातो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळून पडतं.

उपाय सोपा आहे. हे क्रमांक बेरजेसाठी नसतात, ती ओळख असते. म्हणून भरण्याआधी पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार "टेक्स्ट" करा. भरल्यावर बदलून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही.

जपायची फाइल: मालक कोण, पाहणार कोण

साध्या गूगल खात्याच्या फोल्डरमधली फाइल ज्याने बनवली त्याच्या मालकीची असते. त्यांची बदली झाली, त्यांनी आपला ड्राइव्ह साफ केला, तर ३० दिवसांनी कचरापेटीतूनही ती जाते. आपल्याकडचा शॉर्टकट म्हणजे फक्त रस्ता, प्रत नव्हे. म्हणून महत्त्वाच्या फाइली शाळेच्या ईमेल खात्यावरून बनवा आणि काम संपलं की एक पीडीएफ प्रत वेगळी ठेवा.

आणि "लिंक असलेल्या कोणालाही" ही परवानगी आधार किंवा बँक खात्याच्या यादीला कधीही देऊ नका. लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ती माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते.

पालकांसाठी दोन शब्द

पासबुकाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ३ व ८ मधला फरक कळत नाही. आणि शाळेत भरलेली माहिती एकदा पाहायला मागा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी फोल्डरमध्ये फाइल टाकताना क्षणभर थांबा: भरायची, वाचायची की जपायची? प्रत्येक ओळीत एक लेकरू आहे. आपल्या शाळेतले असे अनुभव जरूर कळवा.