रक्तात जंतू सापडले : अहवाल कसा समजून घ्यावा?

"रक्तात जंतू सापडले" हे शब्द कानी पडले की घरातील माणसांच्या पायाखालची जमीन सरकते. आम्ही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतू विभागात काम करीत असल्यामुळे वस्तीतील अनेक बंधू-भगिनी असा कागद हातात घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो, "माणूस वाचेल ना?" त्याचे उत्तर कागदावरच्या एका ओळीत नसते. ते कसे शोधायचे, हे साध्या भाषेत सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वस्तीतील एका मावशींचीच गोष्ट घ्या. ताप आला म्हणून त्यांना खाजगी दवाखान्यात दाखल केले. रक्ताची एकच बाटली तपासणीस गेली. तिसऱ्या दिवशी अहवाल आला : 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस'. तोवर ताप उतरला होता, तरी महागडी इंजेक्शने सुरू झाली. मुलाने बायकोचे डोरले गहाण ठेवले. औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होतो की काय, म्हणून आणखी तपासण्या झाल्या. इंजेक्शने देण्यापूर्वी दुसरा नमुना मात्र कोणी घेतला नव्हता. त्यामुळे ते जंतू खरोखर रक्तातले होते की कातडीवरचे, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कातडीवरील रहिवासी

निरोगी कातडीवरही असंख्य जंतू राहतात. केसांच्या मुळांत व तेलग्रंथींत त्यांचा मुक्काम असतो. साबणाने कितीही चोळले तरी ते सगळे जात नाहीत. ते वाईटही नव्हेत. त्यांनी जागा अडवून धरल्यामुळे घातक जंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते.

ब्लड कल्चर म्हणजे पोषक द्रवाच्या बाटलीत रक्त घालून ती शरीराच्या तापमानाइतक्या उबेत साधारण ५ दिवस ठेवणे. रक्तात मोजके जंतू असले तरी ते तेथे वाढून लाखोंच्या घरात जातात. हीच या तपासणीची ताकद आणि हाच तिचा दुबळेपणा. सुईबरोबर कातडीवरचा जंतू बाटलीत गेला, तर तोही तितक्याच जोमाने वाढतो. बाटलीला आपला-परका कळत नाही.

पांढरा जंतू संधिसाधू कसा झाला?

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घडासारखे जंतू पाहिले. त्यावरून स्टॅफिलोकॉकस हे नाव पडले. १८८४ मध्ये जर्मनीतील रोझेनबाख यांनी त्यांचे सोनेरी व पांढरे असे दोन प्रकार वेगळे केले. सोनेरी तो घातक ऑरियस. पांढरा तो आजचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा पांढरा पुष्कळ वर्षे निरुपद्रवी समजला गेला.

पुढे वैद्यकशास्त्राने शरीरात प्लॅस्टिक व धातू बसविण्यास सुरुवात केली. मोठ्या शिरेतील नळी, हृदयाची कृत्रिम झडप, कृत्रिम सांधा, डायलिसिसची नळी ही त्याची उदाहरणे. एपिडर्मिडिस या वस्तूंना चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. त्या थराआड शरीराच्या पांढऱ्या पेशी व औषधे नीट पोहोचत नाहीत. कातडीवरचा शेजारी असा संधिसाधू बनतो. अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि कर्करोगाच्या औषधाने पांढऱ्या पेशी घटलेला रुग्ण यांनाही त्याच्यापासून धोका असतो.

निवाडा कसा करतात?

डॉक्टर चार गोष्टी पाहतात. पहिली, किती नमुन्यांत जंतू वाढला? वेगवेगळ्या जागेवरून घेतलेल्या दोन-तीन नमुन्यांपैकी एकातच वाढला, तर तो बहुधा कातडीवरचा. सगळ्यांत तोच वाढला, तर तो खरा समजावा. दुसरी, किती वेळात वाढला? खरा जंतू बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतो, कातडीवरचा उशिरा. मात्र हा नियम पक्का नाही. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू खरा असला तरी सावकाश वाढतो. तिसरी, रुग्ण कोण? शरीरात नळी किंवा झडप आहे काय, ताप व थंडी चालू आहे काय? चौथी, जंतू कोणता? ऑरियस, ई. कोलाय, टायफॉइडचा जंतू किंवा कँडिडा ही बुरशी एका बाटलीत सापडली तरी ती कातडीवरची म्हणून सोडून देत नाहीत. पांढऱ्यांपैकी लुग्डुनेन्सिस हाही तसाच घातक असतो. नवजात बाळाचे रक्त जेमतेम १ मिलिलिटर मिळते व बाटलीही एकच असते, म्हणून तेथे निवाडा सर्वांत अवघड.

खरी किल्ली सुई टोचण्यापूर्वीच्या मिनिटात आहे. क्लोरहेक्झिडिन व अल्कोहोलने कातडी पुसून ती पूर्ण वाळू द्यावी, पुन्हा बोट लावू नये. बाटलीचे बूचही अल्कोहोलने पुसावे. मोठ्या माणसाचे प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्यावे, तेही आधीच लावलेल्या सलाईनच्या सुईतून नव्हे. शक्यतो प्रतिजैविके देण्यापूर्वी दोन जागांवरून नमुने घ्यावेत. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र औषधास विलंब नको. अशा दूषित नमुन्यांचे प्रमाण शंभरात ३ पेक्षा कमी असावे, असा दंडक सर्वत्र मानला जातो.

आपल्या रक्तदान शिबिरांशीही याचा संबंध आहे. प्लेटलेट २० ते २४ अंश सेल्सियसला ठेवाव्या लागतात, आणि त्या उबेत कातडीवरचा जंतू वाढू शकतो. म्हणून शिबिरात दात्याचा दंड नीट पुसला जातो की नाही, याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण दिली. अहवालाचा कागदही तसाच पारखावा. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "नमुने किती घेतले होते? किती बाटल्यांत हा जंतू वाढला? दुसरा नमुना घ्यावा काय?" हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पण उत्तर मिळण्याआधी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. पारख म्हणजे घाईही नव्हे. मावशींच्या वेळी हे प्रश्न विचारायला आमच्यापैकी कोणी तेथे नव्हते. पुढच्या वेळी कोणीतरी असावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.