निशिगंधाचे कंद : विश्रांती व विभागणी

देवपूजेचा हार असो वा लग्नमंडपाची सजावट, निशिगंधाच्या फुलांना वर्षभर मागणी असते. गुलछडी या नावानेही ओळखले जाणारे हे पीक मूळचे मेक्सिकोतील. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सांगली इत्यादी जिल्ह्यांत त्याची लागवड केली जाते. एकदा लावलेले पीक साधारणतः तीन वर्षे शेतात ठेवण्याची प्रथा आहे. पहिली दोन वर्षे फुलांचे दांडे जोमदार येतात. पुढे मात्र ते आखूड होतात व फुलेही लहान पडतात. अशा वेळी खत वाढविण्याकडे कल असतो. पण मूळ कारण बहुधा जमिनीखाली दडलेले असते.

निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा येऊन गेला की त्याचे कार्य संपते. तत्पूर्वी त्याच्याभोवती लहान-लहान कंद धरलेले असतात आणि पुढील फुले त्यांच्यापासूनच मिळतात. दोन-तीन वर्षांत एका कंदाचा मोठा गड्डा होतो. त्यातील कंदांची अन्नपाण्यासाठी चढाओढ लागते व एकही नीट पोसत नाही. गड्डा वेळीच काढून फोडणे हाच यावर उपाय होय.

थंडीत निशिगंधाची वाढ मंदावते. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत हिमतुषारांनी कंद गोठून मरतात, म्हणून ते हिवाळ्यापूर्वीच काढून घरात ठेवावे लागतात. आपल्याकडे ती भीती नाही. येथे कंदांचा खरा शत्रू ओल आहे. म्हणून हंगाम संपताच प्रथम पाणी तोडावे. पाने पिवळी पडून सुकू लागली की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कुदळीने गड्डे काढावेत. माती झटकावी, पाने कापावीत व हातानेच कंद वेगळे करावेत. कुदळीचा घाव बसलेले किंवा बोटाने दाबल्यास मऊ लागणारे कंद तेथेच बाजूला काढावेत. एक कुजका कंद भोवतालच्या कंदांनाही कुजवितो. निवडलेले कंद सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरून अधूनमधून परतावेत. पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवलेले कंद आतून तापतात व नासतात. महिना-दीड महिन्याच्या विश्रांतीनंतर एप्रिल-मे मध्ये लागवड करावी. ग्लॅडिओलसच्या कंदांना याहून दीर्घ, सुमारे तीन महिन्यांची विश्रांती लागते. त्यामुळे ते शीतगृहात ठेवण्याची पद्धत आहे.

विभागणीत खरे महत्त्व प्रतवारीचे आहे. सुमारे दीड सेंटिमीटर वा त्याहून अधिक व्यासाचे, चातीच्या आकाराचे, टणक कंद त्याच वर्षी फुले देतात. त्याहून लहान कंद टाकून देऊ नयेत, पण मुख्य शेतातही लावू नयेत. त्यांना वेगळ्या वाफ्यात एक वर्ष वाढू द्यावे. लहानमोठे कंद सरसकट लावल्यास शेत अर्धे फुलते, मेहनत व पाणी मात्र पूर्ण शेताला लागते. ३० × ३० सेंटिमीटर अंतराने एका गुंठ्यास सुमारे १,१०० कंद लागतात, हे लक्षात घेतल्यास घरचे बेणे राखण्याचा लाभ लहान शेतकऱ्याच्या सहज ध्यानी येईल. बाहेरून आणलेल्या बेण्याबरोबर सूत्रकृमीही शेतात येऊ शकतात, हा धोका निराळाच.

‘प्रज्वल’, ‘शृंगार’ यांसारखे एकेरी वाण हारासाठी सुटी फुले देतात, तर ‘सुवासिनी’सारखे दुहेरी वाण फुलदाणीसाठी पसंत केले जातात. दिसण्यात कंदांतील भेद ओळखणे कठीण असल्याने काढणीच्या वेळीच प्रत्येक ढिगावर वाणाच्या नावाची चिठ्ठी लावावी. शाळेच्या बागेत एक-दोन गड्डे विद्यार्थ्यांकडून फोडून घेतल्यास, फुलून गेलेला कंद व त्याला चिकटलेली पिल्ले त्यांना प्रत्यक्ष पाहता येतील.

लागवडीपूर्वी कंद कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून काढावेत. त्याच जमिनीत लगेच पुन्हा निशिगंध घेऊ नये. मध्यंतरी झेंडूचे पीक घेतल्यास मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे प्रमाण घटते, आणि झेंडूलाही दसरा-दिवाळीस बाजार असतोच.