भंगार, वारसा आणि मिस्त्री

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव २०२३ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. त्यापूर्वी सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला फार तर जवळच्या वडीगोद्रीचा थांबा ठाऊक असे. वडीगोद्रीहून एक रस्ता अंबडवरून जालन्याला जातो. जालना शहर बियाण्यांइतकेच लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील विद्युत भट्ट्यांची भूक मोठ्या प्रमाणावर भागते ती भंगारावर. मोडकी यंत्रे, गंजलेल्या पत्र्याचे गठ्ठे, आयुष्य संपलेल्या वाहनांचे सांगाडे अशा सर्वांना भट्टी एकाच न्यायाने वागवते. ती वंशावळ विचारीत नाही. डेट्रॉइटच्या नकाशावरून घडलेल्या मोटारीचा पत्रा आणि गावच्या पिठाच्या गिरणीचा मोडका पाट तिच्या लेखी सारखेच. दोहोंची सळई होते आणि ती कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये कायमची गाडली जाते.

याच पत्र्याची दुसरी गतीही संभवते. मुंबईत दरवर्षी जुन्या मोटारींची फेरी निघते. तीत १९४६ ते १९६० या काळातील शेव्हरोले, ब्युइक, डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या आरशासारखा क्रोम मिरवीत जातात आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक कौतुकाने उभे राहतात. एका गाडीची सळई का झाली आणि तिच्याच जोडीची दुसरी शोभायात्रेत का आली? मालकाची श्रीमंती हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे. पण ते अपुरे आहे. पैसा तर पुष्कळांपाशी असतो. ती गाडी मधल्या पन्नास-साठ वर्षांत जिवंत ठेवणारा मिस्त्री कोठे तरी होता, हे त्याचे खरे उत्तर. आज गाडीला वारसा म्हणून मान मिळू लागला आहे. त्या मिस्त्रीच्या विद्येची मात्र अद्याप कोणीच नोंद घेतलेली नाही.

पेट्यांतून आलेली मोटार

या गाड्या सगळ्याच जशाच्या तशा बोटीतून उतरल्या, असा एक समज आहे. वस्तुतः त्यांतील बऱ्याच मुंबईतच जुळविल्या गेल्या. जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला. फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या व फार्गो ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. सुटे भाग लाकडी पेट्यांतून येत, येथे त्यांना अंगरूप येई. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या तिन्ही नावांखाली पुष्कळदा एकच गाडी असे. जाळी आणि बिल्ला तेवढा निराळा. माझगावात महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली तीही याच सुमारास. मराठवाड्याच्या खेड्यांना युद्धोत्तर अमेरिकेची गाठ पडली ती प्रामुख्याने या जीपच्याच रूपाने. तहसीलदाराचा दौरा, निवडणुकीचा प्रचार, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याची धावपळ या प्रसंगांशी तिचे नाते जडले.

जुळणीचा हा काळ फार टिकला नाही. स्वतंत्र भारताला मोटार येथेच पूर्णपणे तयार व्हावी असे वाटत होते. जकात आयोगाच्या शिफारशीनुसार १९५३ मध्ये सरकारने ठरविले की, ज्यांच्यापाशी प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नाही अशा जुळणी कारखान्यांनी आपला व्यवसाय आवरावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. योगायोग असा की, वालचंदांचे निधनही त्याच वर्षी झाले. प्रीमियर टिकली, पण पुढे ती ओळखली गेली फियाटसाठी. परकीय चलनाच्या टंचाईने सुट्या भागांची आयातही आवळली गेली. म्हणजे गाड्या येथेच राहिल्या आणि त्यांचे माहेर मात्र तुटले.

टंचाईची शाळा

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मनोरंजक वाटेल असा एक विरोधाभास उभा राहतो. ज्या देशात या गाड्या जन्मल्या तेथे त्या दीर्घकाळ टिकाव्यात, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. दरसाल नवे रूप, नवी जाळी, नवे मागचे पंख. गेल्या वर्षीची गाडी शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढे जुनाट दिसावी, हेच तेथील विक्रीचे सूत्र होते. अमेरिकन आरेखक ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी १९५४ च्या सुमारास ‘नियोजित कालबाह्यता’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो याच वृत्तीसाठी. तेथे कुशल कामगाराचा एक तास महाग होता आणि नवी वस्तू त्या मानाने स्वस्त. दुरुस्तीपेक्षा फेकून देणे परवडत होते.

भारतात हे गणित नेमके उलटे झाले. वस्तू दुर्मिळ आणि माणसाचा तास स्वस्त. चार-पाच वर्षांत टाकून देण्यासाठी बनविलेली मोटार येथे तीस-चाळीस वर्षे धावली. शेठजींच्या दारातून ती टॅक्सीवाल्याकडे गेली, तेथून एखाद्या तालुक्याच्या गावी वडाप वाहतुकीला लागली. क्युबात १९५९ च्या क्रांतीनंतर आणि त्यामागोमाग आलेल्या अमेरिकी व्यापारबंदीमुळे हेच घडले. हवानाच्या रस्त्यांवरील जुन्या अमेरिकन गाड्या आज पर्यटकांचे आकर्षण झाल्या आहेत. पण त्या हौसेने टिकलेल्या नाहीत, दुसरी मिळण्याची सोय नव्हती म्हणून टिकल्या. त्यांच्या पोटात रशियन गाड्यांचे अवयव आढळतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले, तेव्हा भारतातही अनेक डॉज-शेव्हरोलेंचे मूळ इंजिन उतरवून डिझेलचे इंजिन बसविण्यात आले. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन पोसणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर गेले होते.

या टंचाईच्या शाळेत जी विद्या तयार झाली तिचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. १९५३ पूर्वीच्या बहुतेक शेव्हरोले इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आजच्यासारखे तयार मिळत नसे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाचा पांढरा धातू वितळवून तो रॉडच्या डोळ्यातच ओतावा लागे. आधी रॉड तापवून त्याला कलई करायची, ती नीट धरली नाही तर ओतलेला धातू पुढे सुटणार. रस फार तापला तर जळतो, कमी तापला तर पोकळ्या राहतात. नंतर लेथवर तासून, शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचे; जेथे निळे डाग उमटतील तेथे हाताने खरवडायचे; पुन्हा बसवून पाहायचे. उंचवटा किती आणि कोठे, हे बोटाला कळावे लागते. पत्रेकामाचेही तसेच. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकून सपाट पत्र्याला मडगार्डचा बाक आणणारा कारागीर आणि खड्ड्यात लांबी भरून वर रंग फासणारा कारागीर, दोघांचे काम पहिल्या दिवशी सारखेच दिसते. दोन पावसाळ्यांनंतर फरक कळतो.

ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती कुर्ल्याच्या गल्ल्यांत, कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळांत आणि लेथवर, एस. टी.च्या कार्यशाळांत उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली. सुरुवातीच्या काळात एस. टी.च्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, बेडफर्ड, आल्बियन अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. त्या चालत्या ठेवणाऱ्यांना आपोआपच बहुभाषी व्हावे लागले. अर्थात त्या शाळेचे गोडवे गाताना भान सुटू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाने चहा आणावा, पाने पुसावीत, मार खावा आणि पगाराऐवजी ‘शिकतो आहेस ना?’ हे वाक्य ऐकावे, अशी ती शाळा होती. ती बंद पडली याचे दुःख नाही. तिच्याबरोबर तेथील ज्ञानही बंद पडावे, याचे आहे.

किंमत कशाची?

१९९१ नंतर बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या, दुरुस्तीची जागा भाग बदलण्याने घेतली. आता भारताचे गणित हळूहळू अमेरिकेच्या गणिताकडे झुकले आहे. याचा परिणाम जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनात स्पष्ट दिसतो. एकेकाळी येथे गाडी दुर्मिळ होती आणि हात मुबलक होते. आज पैसे टाकले तर गाडीचा सांगाडा मिळतो, परदेशातून रबराच्या पट्ट्या आणि काचा मागविता येतात, पण बेअरिंग ओतणारा हात मिळत नाही. दुर्मिळता वस्तूकडून कौशल्याकडे सरकली. अर्थशास्त्राच्या नियमानुसार किंमतही तिकडे सरकावयास हवी होती. तशी ती सरकत नाही, कारण कौशल्याचे बाजारात नाव नाही, प्रमाणपत्र नाही, मालकी नाही. गाडी विकली जाते तेव्हा नफा मालकाचा; ती जिच्यामुळे विकण्याजोगी झाली ती मजुरी केव्हाच चुकती झालेली असते.

सरकारने जुन्या गाड्यांकडे लक्ष दिले हे चांगलेच झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व मोटारींना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. गाडी प्रदर्शनास, फेरीस, दुरुस्तीस वा इंधन भरण्यास रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, तेव्हा हा आसरा आवश्यकच होता. अन्यथा भट्टीचा रस्ता अधिकच जवळ आला असता.

परंतु या नियमात एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तात्त्विकदृष्ट्या अट योग्यच आहे. तथापि तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. जी गाडी वर्षानुवर्षे बंद गराजमध्ये राहिली ती वारसा ठरते. जिने १९७३ नंतर डिझेलचे इंजिन पोटात घेऊन कोणाचा तरी संसार चालविला ती ठरत नाही. वस्तुतः तो फेरफार हाच भारतातील तिच्या आयुष्याचा इतिहास आहे. तिला या व्याख्येत बसवायचे तर पुन्हा मूळ जातीचे इंजिन शोधावे लागते आणि ते जिवंत करणारा जुना मिस्त्रीही. म्हणजे ज्या माणसाचा नियमात कोठेही उल्लेख नाही, त्याच्यावाचून नियम पाळताही येत नाही.

हौस श्रीमंतांची, प्रश्न सर्वांचा

‘श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी सरकारने आणि समाजाने का झिजावे?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो गैर नाही. सार्वजनिक पैसा क्रोमचा बंपर चकाकविण्यासाठी खर्च व्हावा, असे कोणीही म्हणणार नाही. तो खर्च मालकाने करावा. या धंद्यातून हजारो नोकऱ्या निर्माण होतील, असा दावा करणेही भाबडेपणाचे ठरेल. अशा गाड्या मोजक्या आहेत आणि मोजक्याच राहणार. पण बेअरिंग ओतणारा, पत्रा घडविणारा, मिळत नसलेला भाग मोजमाप घेऊन लेथवर उतरविणारा हात मोटारीपुरता नसतो. जुना पंप, साखर कारखान्याचे यंत्र, ज्याचे भाग कंपनीने बंद केले असा ट्रॅक्टर, या सर्वांना तोच हात लागतो. आणि ‘दुरुस्त होण्याजोगी वस्तू फेकू नये’ हा विचार पर्यावरणाच्या चिंतेमुळे आता पाश्चात्त्य देशही नव्याने शिकत आहेत.

उपाय अवघड नाहीत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. शाळेबाहेर मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची योजनाही आहे. साठी ओलांडलेल्या मिस्त्रींना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे. त्यांचे हात काम करताना चित्रित करून ठेवावेत. आणि गाडीच्या विंटेज नोंदणीबरोबर तिच्या पुनरुज्जीवनाचा तपशील, कोणते काम कोणी केले यासह, लिहून घ्यावा. या शेवटच्या गोष्टीस एका कागदाखेरीज काहीच खर्च नाही. चित्रकाराचे नाव चित्रावर असते. घडविणाऱ्याचे नाव गाडीच्या कागदावर का असू नये?

अंतरवाली सराटीत २०२३ मध्ये जो असंतोष प्रकट झाला, त्याच्या मागणीविषयी मतभेद असू शकतील. पण त्याच्या मुळाशी शेतीत न भागणाऱ्या आणि शिकूनही काम न मिळणाऱ्या तरुणांची अस्वस्थता होती, हे सहसा कोणी नाकारणार नाही. या तरुणांना पदवीखेरीज प्रतिष्ठेचा दुसरा मार्ग समाजाने दाखविलेला नाही. हाताच्या कामाला मजुरी मिळते, मान मिळत नाही; म्हणून ज्याला शक्य आहे तो त्यापासून दूर पळतो आणि विद्या उस्तादाबरोबर संपते. जालन्याच्या भट्टीला दोष देण्याचे कारण नाही. तिचे काम वितळविण्याचे आहे आणि सळईही लागतेच. मात्र लोखंड वितळले तर त्याचे पुन्हा लोखंड होते. माणसाच्या बोटांतले ज्ञान एकदा विझले की ते कोणत्याच भट्टीतून परत निघत नाही.