पोटातला गोळा

दिवाळीला लेक घरी आली ती गालफडं बसलेली. बारावीचं वर्ष, लातूरला 'नीट'चा क्लास, होस्टेल आणि मेसचा डबा. एवढं असताना पोरगी थोडी उतरणारच, अशी मी मनाची समजूत घातली. पण पाडव्याच्या सकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "पहाटेपासून चार वेळा संडासला जाऊन आली ती. काहीतरी बिघडलंय बघ."

खरं सांगायचं तर मला ते अगदीच नवं नव्हतं. ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, "आई, पोटात दुखतंय गं." रविवारी तिची क्लासची परीक्षा असायची. दोनदा मी ओवा खा म्हटलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "परीक्षेच्याच दिवशी बरं तुझं पोट दुखतं! नाटकं बंद कर." त्यानंतर पोटाचा फोन आला नाही. मला वाटलं, चला, दुखायचं थांबलं.

दुखायचं थांबलंच नव्हतं. तिने सांगायचं थांबवलं होतं.

आमच्या गावातल्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी अर्धा तास एकटीशी बोलल्या. वजन तीन किलो कमी झालेलं, म्हणून रक्त, शौच, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी ठीक. मी सुटकेचा श्वास टाकून म्हटलं, "म्हणजे काही नाही ना?" बाई जरा रागावल्याच. "काही नाही कसं? तिचं पोट खरंच दुखतंय. रिपोर्टात दिसत नाही म्हणजे ते खोटं आहे का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मैत्रिणींनो, आपण 'पोटात गोळा आला', 'पोटात कालवाकालव झाली' म्हणतो ना, ते नुसतं बोलणं नाही. अन्ननलिकेपासून खाली शेवटापर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे. बराचसा कारभार ते मेंदूला न विचारताच चालवतं. वर मेंदूशी त्याचं बोलणं चालतं ते मुख्यतः 'व्हेगस' नावाच्या मज्जातंतूतून, आणि गंमत म्हणजे मेंदूकडून पोटाला येतात त्याहून जास्त निरोप पोटाकडून मेंदूला जातात. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. जठर आपलं काम मंद करतं आणि मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणून वर अन्न अडकल्यासारखं, मळमळतं, आणि खाली पळापळ. परीक्षेच्या दिवशीच का, याचं उत्तर हे!

हे काही आजचं शोधलेलं नाही. १८२२ साली अमेरिकेत अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटावर बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठराचं भोक बुजलंच नाही. विल्यम ब्यूमाँट या डॉक्टरांनी त्या भोकातून कित्येक वर्षं पचन न्याहाळलं आणि १८३३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणूस चिडला की त्याचं पचन बिघडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मी मात्र माझ्याच लेकीला नाटकी म्हटलं होतं.

तिने बाईंना जे सांगितलं ते मला नंतर कळलं. भरलेल्या वर्गातून उठून जायची लाज वाटायची, म्हणून तिने सकाळचा नाश्ताच सोडला होता. पाणीही मोजून प्यायची. होस्टेलवर आठ मुलींना एक संडास. दुखलं की रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी, झोप आली की चहा, आणि रात्री बाराला भूक लागली की मॅगी. या सगळ्याने पोट आणखी बिघडायचं, पोट बिघडलं की अभ्यास व्हायचा नाही, आणि अभ्यास झाला नाही की पुन्हा पोटात गोळा.

संक्रांत झाल्यावर मी लातूरला खोली केली. तिथे अशा खोली करून राहिलेल्या कितीतरी आया आहेत. शेजारची तर शेतीची कामं दिरावर टाकून आलेली. सगळ्यांना हे जमत नाही, मला जमलं.

डॉक्टरबाईंनी पहिली गोष्ट सांगितली होती ती वेळेची. खाल्लं की थोड्या वेळाने आतडं आपोआप हलतं. म्हणून घरातून निघायच्या तासभर आधी काहीतरी खायचं आणि मग निवांत संडासला जायचं. सुरुवातीला ती अर्धं केळंच खायची. मग भाकरी-दूध, कधी मऊ भात आणि तूप. स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी घेणं बंद. चहा दोन कप, दुपारी चारनंतर नाही, कारण त्यातलं कॅफीन कित्येक तास अंगात राहतं.

माझी एक फजिती सांगते. चोथा पोटाला चांगला, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं ते खाद्य, हे ऐकून मी पहिल्याच आठवड्यात रोज मटकीची उसळ आणि सालीसकट काकडीचा मारा केला. लेकीचं पोट ढोलासारखं फुगलं! बाई फोनवर हसल्या. "अहो, हळूहळू वाढवा. सवय नाही पोटाला." मग डाळ-भाकरी, पालेभाजी आणि दुपारी घरचं ताक यावर आम्ही आलो. दही खाल्लं की मन आनंदी होतं, असं कुठे कुठे वाचायला मिळतं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते तिथून मेंदूत शिरत नाही. तेव्हा ताकाकडून ताकाएवढीच अपेक्षा ठेवावी.

झोपेवरून आमची वादावादी झाली. मलाच वाटायचं, एकपर्यंत जागली तर चार प्रश्न जास्त होतील. पण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. साडेदहाला दिवा बंद करायचं ठरलं, आणि मी उशीवर पडून घड्याळाकडे बघत बसायचे. पेपरआधी पाच मिनिटं सावकाश श्वास, सोडताना जास्त लांब, हेही ती करते. आणि ताटावर मार्कांचा विषय नाही. हे शेवटचं पाळायला मला सगळ्यात जड गेलं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी संध्याकाळी मार्कांची यादी यायची, त्या ग्रुपमधून मी शेवटी बाहेरच पडले.

एक मात्र लक्षात ठेवा. शौचातून रक्त जाणं, ताप, वजन उतरत राहणं, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, यातलं काहीही असेल तर ताण म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टर गाठा. आणि मूल अबोल झालं, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोललं, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

परवाच्या रविवारी सँडलचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, "आई, आज थोडं दुखतंय गं."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "राहू दे का मग आज?"

"छे, जाते की. ताकाची बाटली तेवढी दे."

बाटली घेऊन ती जिना उतरली. परत येऊन म्हणाली, "आणि मीठ कमी घाल ना उद्यापासून."